आम्ल, आम्लारी आणि क्षार: शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

हा धडा बहुतेकांचा बिघडतो तो पहिल्याच पानावर. आम्ल आंबट, आम्लारी कडवट आणि बुळबुळीत, निळा लिटमस लाल, लाल लिटमस निळा, एवढं पाठ केलं की वाटतं झालं काम. आणि मग पुढे अमोनियम क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी का, सौम्य आम्लाला पण तेवढाच कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) का लागतो, असले प्रश्न आले की सगळं गडबडतं. मी हा विषय नंतर मोठेपणी परत पहिल्यापासून शिकलो, आणि माझं ठाम मत झालंय की पाठांतराचा मोठा भाग एका प्रश्नाने वाचतो: प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) कोणी दिला आणि कोणी घेतला? खालच्या सगळ्या पायऱ्यांत हाच प्रश्न परत परत विचारायचाय, तेवढं लक्षात ठेवा.

आधी शब्द ठरवून घेऊ. इथे आम्लारी म्हणजे बेस आणि क्षार म्हणजे सॉल्ट. जे आम्लारी पाण्यात चांगलं विरघळतं त्याला अल्क म्हणायचं. म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड आम्लारी पण आहे आणि अल्क पण आहे, कॉपर ऑक्साइड मात्र नुसतं आम्लारी, कारण ते पाण्यात विरघळतच नाही.

काय काय लागेल

- लाल आणि निळा लिटमस पेपर, जमलं तर युनिव्हर्सल इंडिकेटर पेपर (त्याच्या रंगपट्टीसकट, पट्टी नसेल तर तो पेपर निरुपयोगी)
- फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज (हे दोन्ही दर्शक, म्हणजे रंग बदलणारे इंडिकेटर)
- ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही तयार विरल (पातळ) द्रावणंच घ्या; मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल, आणि मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या
- पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), अमोनियम क्लोराइड, साधं मीठ (सोडियम क्लोराइड)
- डिस्टिल्ड वॉटर
- टेस्टट्यूब, बीकर, ड्रॉपर, आणि शेवटच्या पायरीसाठी ब्युरेट, पिपेट, कोनिकल फ्लास्क
- गॉगल, ग्लोव्ह्ज, सुती एप्रन
- वही, आणि तिच्या पहिल्या पानावर नेहमीच्या आयनांची (विद्युत प्रभार असलेल्या अणूंची किंवा अणुगटांची) त्यांच्या प्रभारासकट यादी

शेवटची गोष्ट बरेच जण टाळतात. आयनांचे प्रभार माहीत नसतील तर पायरी ७ ला तुम्ही शंभर टक्के अडकणार, म्हणून ती यादी आधी करा.

## १. हात लावण्याआधी

आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. संहत (कमी पाण्याचं, कडक) सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते, वरून थोडं पाणी टाकलं तर ते पाणी जागच्या जागी उकळतं आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर येतात. बारीक धारेने, ढवळत, भरपूर पाण्यात आम्ल सोडलं की ती उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. आणि खरं सांगायचं तर नवशिक्याने संहत बाटलीला हात लावायची काहीच गरज नाही, इथलं सगळं विरल द्रावणांवर होतं.

दुसरा गैरसमज असा की आम्ल धोक्याचं आणि आम्लारी त्या मानाने गरीब. डोळ्याच्या बाबतीत तर बहुतेक वेळा उलटंच असतं, सोडियम हायड्रॉक्साइड पेशींमधली चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत आत जातं, आणि सुरुवातीला दुखतं पण कमी त्यामुळे माणूस गाफील राहतो. म्हणून गॉगल दोन्हीसाठी. अंगावर काही उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धरा, आम्ल सांडलं म्हणून त्यावर आम्लारी चोळायचा उद्योग करू नका, उदासिनीकरणातून (आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात त्यातून) निघणारी उष्णता वेगळीच भाजते. डोळ्यात गेलं असेल तर तसंच धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आणि ब्लीच कुठल्याही आम्लात किंवा अमोनियात मिसळू नका. आम्लाबरोबर क्लोरीन वायू निघतो, अमोनियाबरोबर क्लोरॅमाइन, दोन्ही विषारी.

## २. व्याख्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने शिका

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटायचं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. मग १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही, तेव्हा लक्ष हायड्रोजनकडे वळलं. स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनिअसने १८८४ च्या प्रबंधात द्रावणातल्या आयनांची कल्पना मांडली आणि त्यातून पाठ्यपुस्तकातली नेहमीची व्याख्या आली: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी.

ही व्याख्या सोपी आहे पण अमोनियापाशी अडते. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच, तरी त्याचं द्रावण लाल लिटमस निळा करतं. त्याहून नवल म्हणजे अमोनिया वायू आणि हायड्रोजन क्लोराइड वायू एकमेकांना भेटले की पांढरा धूर होतो, तो धूर म्हणजे अमोनियम क्लोराइडचे बारीक कण, क्षार तयार झाला आणि तो पण द्रावण नसताना, हायड्रॉक्साइड नसताना! १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर दिलं, प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. वरच्या धुरात हायड्रोजन क्लोराइडने प्रोटॉन दिला, अमोनियाने घेतला. पाण्यात अमोनिया पाण्याकडूनच प्रोटॉन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो, म्हणून लिटमस निळा.

हे कळलं की पाण्याचं वागणं पण कळतं. हायड्रोक्लोरिक आम्लासमोर पाणी प्रोटॉन घेतं, अमोनियासमोर देतं, म्हणजे समोर कोण आहे त्यावर ठरतं. आणि पाण्यात सुटा प्रोटॉन फिरत नसतो, तो पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम आयन होतो, आपण लिहिताना सोयीसाठी हायड्रोजन आयन म्हणतो इतकंच.

इथे फसतात: रेणूत हायड्रोजन दिसला की आम्ल आणि ओएच दिसला की आम्लारी असं धरून चालतात. मिथेनमध्ये चार हायड्रोजन आहेत पण ते आम्ल नाही. अ‍ॅसेटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत पण सुटतो एकच, जो ऑक्सिजनला जोडलेला आहे तो. इथेनॉलमध्ये ओएच आहे पण तो हायड्रॉक्साइड आयन म्हणून सुटत नाही. तसंच पूर्ण कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या लिटमसचा रंग बदलत नाही, प्रोटॉन घ्यायला तिथे पाणी तर हवं!

## ३. तीव्र वेगळं, संहत वेगळं

या पायरीवर घाई करू नका, पुढचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

संहत किंवा विरल हे किती आम्ल ओतलं त्यावर ठरतं, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल. तीव्र किंवा सौम्य हे त्या आम्लाच्या स्वभावावर ठरतं, म्हणजे ओतलेल्यापैकी किती रेणू खरोखर प्रोटॉन सोडतात त्यावर. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, पाणी घालून बदलता येते. दुसरी तुमच्या हातात नाही, पाणी घालून अ‍ॅसेटिक आम्ल काही तीव्र आम्ल होत नाही.

आकड्यात बघा. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्ण विघटित होतं (म्हणजे त्याचे रेणू प्रोटॉन सोडतात), पीएच येतो १ (पीएच ही आम्लतेची मोजपट्टी, आकडा जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी, पायरी ४ मध्ये नीट बघू). ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाचे शंभरातले साधारण एक ते दीड रेणूच विघटित होतात, पीएच येतो २.९ च्या आसपास. ओतलं तेवढंच, पण हायड्रोजन आयन जवळपास पंच्याहत्तरपट कमी.

आता खरा प्रश्न. या दोन्हींचे २५ मिलिलिटर घेतले तर कोणाला उदासीन करायला जास्त सोडियम हायड्रॉक्साइड लागेल? बहुतेक जण हायड्रोक्लोरिक म्हणतात. उत्तर: दोघांना सारखंच, ०.१ मोलरचे २५ मिलिलिटर. कारण अ‍ॅसेटिक आम्लाने सोडलेले थोडेसे प्रोटॉन हायड्रॉक्साइडने खाल्ले की सुटलेले आणि न सुटलेले प्रोटॉन यांच्यातलं संतुलन बिघडतं, मग ते भरून काढायला आणखी रेणू प्रोटॉन सोडतात, तेही संपतात, आणखी सोडतात, असं करत करत सगळे रेणू रिकामे होतात. हा एक परिच्छेद नीट समजेपर्यंत पुढे जाऊ नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

तीव्र आम्लं मोजकीच आहेत, पाठ करूनच टाका: हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. नवशिक्याला भेटणारी बाकीची जवळपास सगळी सौम्य. तीव्र आम्लारींमध्ये सोडियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड नेहमीची, कॅल्शियम आणि बेरियमची हायड्रॉक्साइडं पण तीव्रच.

इथे फसतात: सौम्य म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्ल व्याख्येने सौम्य आहे, पण ते कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जीव घेऊ शकतं.

## ४. पीएच वाचायला शिका

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी आणली. मराठी पुस्तकात याला सामू म्हणतात, बोलताना सगळे पीएचच म्हणतात. हायड्रोजन आयनांची संहती दहाच्या घातात लिहायची आणि त्या घाताचं चिन्ह उलटं करायचं, झालं. संहती दहाचा उणे तिसरा घात असेल तर पीएच ३.

यावरून लगेच दिसतं की पीएचमधला एक अंक म्हणजे दहापट फरक. पीएच ३ चं द्रावण पीएच ५ पेक्षा शंभरपट आम्लधर्मी, दुप्पट वगैरे नाही.

तीन ठिकाणी सांभाळा:

- ० ते १४ ही पक्की भिंत नाही. तीव्र आम्ल १ मोलरपेक्षा जास्त संहत असेल तर पीएच ऋण येऊ शकतो.
- ७ म्हणजे उदासीन हे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास खरं आहे. पाणी तापवलं की पीएच ७ च्या खाली जातो, तरी ते उदासीनच असतं कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन सारखेच असतात.
- हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी पीएच ७ च्या वर जाणार नाही. दहाचा उणे आठवा घात मोलर आम्लाचा पीएच ८ असं उत्तर लिहिणारे खूप भेटतात, इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे आयन पण मोजावे लागतात आणि उत्तर येतं ६.९८.

आणखी एक. उघड्या राहिलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ७ आला नाही तर पेपर खराब आहे असं समजू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो ५.६ पर्यंत उतरतो.

## ५. दर्शक निवडा

दर्शक हे बहुतेक वेळा स्वतःच एक सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतं, प्रोटॉन असताना त्याचा रंग एक आणि गेल्यावर दुसरा. परत तोच प्रश्न बघा. प्रत्येक दर्शकाचा रंग बदलायचा पट्टा ठरलेला असतो:

- मिथिल ऑरेंज: ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा
- ब्रोमोथायमॉल ब्लू: ६.० च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा
- फिनॉल्फ्थॅलीन: ८.२ च्या खाली बिनरंगी, १० पर्यंत पूर्ण गुलाबी

म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन बिनरंगी राहिलं याचा अर्थ द्रावण आम्लच आहे असा होत नाही, ते शुद्ध पाणीही असू शकतं. हळदीचंही तसंच, आम्लारीत लालसर तपकिरी होते पण आम्लात आणि पाण्यात पिवळीच. अनोळखी द्रावणाला एका दर्शकावर निकाल देऊ नका, निदान दोन्ही लिटमस वापरा.

## ६. अभिक्रिया चार साच्यांत बसवा

- आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी
- आम्ल + धातू → क्षार + हायड्रोजन
- आम्ल + धातूचं ऑक्साइड → क्षार + पाणी
- आम्ल + कार्बोनेट → क्षार + पाणी + कार्बन डायऑक्साइड

पहिल्या साच्याची एक सुंदर गोष्ट आहे. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीची विरल द्रावणं घ्या, जोडी कुठलीही असो, तयार होणाऱ्या पाण्याच्या एका मोलमागे उष्णता साधारण ५७ किलोजूलच निघते. कारण सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, नायट्रेट हे सगळे नुसते बघे असतात, खरी अभिक्रिया एकच, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी.

दुसऱ्या साच्यात सांभाळून. तांबं विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन काढत नाही, आणि नायट्रिक आम्ल धातूबरोबर सहसा हायड्रोजन देतच नाही, नायट्रोजनची ऑक्साइडं देतं. उलट अ‍ॅल्युमिनियम सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातूनही हायड्रोजन काढतं, म्हणून ते द्रावण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायचं नाही. चौथ्यातला वायू ओळखायला चुन्याची निवळी वापरतात, ती दुधाळ होते, पण वायू सोडतच राहिलात तर परत स्वच्छ होते, तेव्हा वेळेत बघा.

## ७. क्षाराचं नाव आणि स्वभाव

नावाचा पहिला भाग आम्लारीकडून, दुसरा आम्लाकडून. हायड्रोक्लोरिकपासून क्लोराइड, नायट्रिकपासून नायट्रेट, सल्फ्युरिकपासून सल्फेट, सल्फ्युरसपासून सल्फाइट, कार्बोनिकपासून कार्बोनेट. सूत्र लिहिताना प्रभारांची बेरीज शून्य यायला हवी, पहिल्या पानावरची यादी इथे कामाला येते.

आता स्वभाव. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार झाला म्हणजे तो उदासीन असणार, हे ऐकायला बरोबर वाटतं पण चूक आहे. तीन टेस्टट्यूब घ्या, एकीत साधं मीठ, दुसरीत अमोनियम क्लोराइड, तिसरीत धुण्याचा सोडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि तिघांत युनिव्हर्सल पेपर बुडवून शेजारी शेजारी ठेवा. मिठाचा पेपर हिरवट राहील, अमोनियम क्लोराइडचा पिवळसर नारंगीकडे झुकेल, सोड्याचा गडद निळा किंवा जांभळा होईल. तिन्ही क्षारच, रंग मात्र तीन.

विचारा, प्रोटॉन कोण देतंय? अमोनियम आयन पाण्याला प्रोटॉन देतो, म्हणून द्रावण आम्लधर्मी. कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड उरतो, म्हणून आम्लारिधर्मी. सोडियम आणि क्लोराइड देत पण नाहीत आणि घेत पण नाहीत.

इथे फसतात: खायच्या सोड्यात, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटमध्ये, एक हायड्रोजन शिल्लक आहे म्हणून त्याचं द्रावण आम्लधर्मी असं लिहितात. प्रत्यक्षात पीएच ८.३ च्या जवळ येतो, बायकार्बोनेटचा कल द्यायच्यापेक्षा घ्यायकडे जास्त आहे. सोडियम बायसल्फेटमध्ये पण एक हायड्रोजन शिल्लक आहे आणि ते मात्र चांगलंच आम्लधर्मी. तेव्हा सूत्रातले हायड्रोजन मोजून निकाल देऊ नका.

## ८. एक टायट्रेशन स्वतः करा

टायट्रेशन म्हणजे माहीत असलेल्या संहतीचं द्रावण मोजून घालत दुसऱ्याची संहती काढणं. इथे व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल किती हे काढू. व्हिनेगर दहापट विरल करा, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये पिपेटने विरल व्हिनेगरचे १० मिलिलिटर, आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. मिथिल ऑरेंज इथे चालणार नाही, ते निम्मं आम्लसुद्धा संपायच्या आत पिवळं होऊन बसतं.

धुण्याचा नियम पाठ करा: ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने खळबळायची, पिपेटही तशीच, पण कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्क व्हिनेगरने खळबळला तर काचेला चिकटलेलं जास्तीचं आम्ल मोजणीत येतं. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर चालतं, आम्लाचे मोल त्याने बदलत नाहीत. ब्युरेट भरली की वरचं फनेल काढा, तोटीखाली बुडबुडा अडकलाय का बघा, वाचन नजरेच्या रेषेत आणि द्रावणाच्या खालच्या वक्रावर घ्या.

फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा. एका हाताने तोटी, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचं. सुरुवातीला थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. मग तो विरायला वेळ घ्यायला लागतो, गुलाबी धागा अख्ख्या फ्लास्कभर फिरून नाहीसा होतो, तेव्हापासून थेंब थेंब. एक थेंब असा येतो की सगळं द्रावण अगदी फिकट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं, तिथे थांबा. गडद गुलाबी झालं म्हणजे तुम्ही पुढे गेलात. नंतर थोड्या वेळाने रंग आपोआप उडाला तर आणखी थेंब घालू नका, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम असतो.

०.१ मिलिलिटरच्या आत जुळणारी वाचनं मिळेपर्यंत परत करा. समजा ८.४ मिलिलिटर लागले. मग विरल द्रावण ०.१ × ८.४ ÷ १० = ०.०८४ मोलर, मूळ व्हिनेगर दहापट म्हणजे ०.८४ मोलर, आणि अ‍ॅसेटिक आम्लाचा एक मोल ६० ग्रॅम म्हणून लिटरला ५०.४ ग्रॅम, म्हणजे साधारण पाच टक्के. बाटलीवरच्या लेबलशी ताडून बघा. व्हिनेगरच्या जागी सल्फ्युरिक आम्ल असेल तर एका रेणूमागे दोन प्रोटॉन धरायचे, हा दोनाचा गुणक हमखास राहून जातो.

झालं की ब्युरेट लगेच रिकामी करून भरपूर पाण्याने धुवा आणि तोटी उघडी ठेवून उलटी लावा. सोडियम हायड्रॉक्साइड आत राहिलं तर काचेची तोटी अशी घट्ट बसते की पुढच्या वेळी फिरवताना मोडते. उरलेलं द्रावणही काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवा, आणि तरीही काही दिवसांनी त्याची संहती परत तपासूनच वापरा, कारण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत शोषत असतं.